पेरणीच्या महिन्यात फीची नोटीस



मुंबईतले देवनार आपल्याला ठाऊक आहे ते जनावरांच्या बाजारामुळे. हार्बर रेल्वेच्या गोवंडी स्टेशनाला उतरले की तो सगळा भाग लागतो. १९७१ सालापासून तिथे महापालिकेचा कत्तलखाना आहे. बकरी ईदेच्या आधी देशभरातून बोकड तिथे येतात, आणि ज्याच्या शेतात काही पिकले नाही त्याच्या दावणीचा बोकड तिथे दोन पैसे करून देतो. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हापासून देवनारचे नाव निघाले की कास्तकाराला तोटाच आठवतो.

त्याच देवनारला एक दुसरे फाटक आहे. त्या फाटकातून आपले बोकड जात नाहीत, आपली पोरे जातात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था असे त्या जागेचे नाव. लोक तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून टिस म्हणतात. १९३६ साली ती नागपाड्यात सुरू झाली, १९५४ साली देवनारला आली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नावात टाटा आहेत म्हणून कुणी तिला खाजगी दुकान समजू नये. तिथला मोठा पैसा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे सरकारचा, म्हणजे काडीपेटीपासून कीटकनाशकापर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या तुमचा-आमचा आहे. २०२३ पासून तर तिथले कुलपती आणि कुलगुरू केंद्र सरकारच नेमते.

कुणी विचारील, कापूस-ज्वारीच्या माणसाला मुंबईच्या विद्यापीठातल्या पोरांच्या जेवणखाण्याशी काय करायचे आहे? करायचे आहे. त्या विद्यापीठाने एकदा आपल्या मरणाचा हिशेब मांडला होता. आता आपल्या पोरांच्या जगण्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडायची पाळी आपली आहे.

मरणाचा अहवाल आणि खानावळीचे बिल

विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने कारणे शोधण्याचे काम याच संस्थेकडे दिले. संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे, आपल्याच कोरडवाहू मुलखात. तिथली अभ्यासक मंडळी गावोगाव, घरोघर गेली आणि मार्च २००५ मध्ये त्यांनी अहवाल न्यायालयात दिला. पीक पुन्हा पुन्हा बुडणे, शेतीचा वाढता खर्च न झेपणे आणि कर्जबाजारीपणा, ही कारणे त्यात स्पष्ट लिहिली. दारू, व्यसन, लग्नातला खर्च, मानसिक दुबळेपणा अशी कारणे सांगत फिरणाऱ्या बड्या लोकांच्या तोंडावर तो कागद ठेवता आला. त्याबद्दल त्या अभ्यासकांचे उपकार मानले पाहिजेत.

पण त्यानंतर काय झाले ते बघा. ज्या घरांची अशी अवस्था संस्थेनेच नोंदवली, त्या घरांतली आणि तशाच घरांतली पोरे पुढे तिच्या वर्गात शिकायला आली. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी यांतल्या ज्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होती, त्यांच्याकडून संस्था शिकवणीची फी घेत नसे, वसतिगृहाचे आणि खानावळीचे पैसेही घेत नसे. ही रीत होती म्हणून तर शेतमजुराचे आणि पाच एकरवाल्याचे पोर तिथवर पोहोचले. मग आधी ओबीसींची सवलत काढली. त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनाही सांगितले, की खानावळीचे आणि वसतिगृहाचे पैसे भरा.

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी या मुलांनी संप केला. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी अशा चारही परिसरांत वर्ग ओस पडले. देवनारचे फाटक अडवून पोरेपोरी उन्हात बसली. आठवड्यांमागून आठवडे गेले. चर्चा झाल्या, काही सवलती देऊ केल्या गेल्या, पण पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांचे काय, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. जुलै २०१९ मध्ये हैदराबादच्या परिसरात याच पैशांवरून मुले पुन्हा बसली, तेव्हा तो परिसर बेमुदत बंद करण्यात आला.

यात ओबीसी हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. आपल्याकडचा कुणबी ओबीसीत आहे, माळी, तेली आहे. राज्याच्या यादीत भटक्या-विमुक्तांत असलेला बंजारा केंद्राच्या यादीत ओबीसीतच मोडतो. म्हणजे वऱ्हाडातली आणि मराठवाड्यातली पऱ्हाटी ज्यांच्या शेतात उभी आहे ते ओबीसी, आणि ती वेचायला ज्यांच्या बाया येतात त्यांतल्या बहुतेक दलित-आदिवासी. पहिली कात्री मालकाच्या पोरावर चालली, दुसरी मजुराच्या पोरावर. पहिल्या वेळी आपण सगळे गप्प बसलो होतो, हे विसरून चालणार नाही.

दोन पंचांगे

आता नोटिशीचा महिना बघा. विद्यापीठाचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. प्रवेशाची फी, अनामत, वसतिगृह, खानावळ हे सगळे तेव्हाच मागतात. आपल्याकडे जून-जुलै म्हणजे काय? मृग बरसला की बियाण्याच्या पाकिटांसाठी रांग, खताची टंचाई, पावसाने दगा दिला की दुबार पेरणी. वर्षभरात घरातला रोख पैसा सर्वांत कमी असतो तो याच महिन्यात. बँकेचे पीककर्ज मिळाले तर मिळाले, नाही तर कृषी केंद्रवाल्याची उधारी आणि सावकाराचा उंबरठा आहेच.

कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास. पैसा हातात येतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तोही हप्त्याहप्त्याने आणि व्यापाऱ्याच्या सवडीने. रब्बीची ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे विद्यापीठ पैसे मागते तेव्हा आमचा पैसा मातीत असतो, आणि आमचा पैसा हातात येतो तेव्हा मधले आठ महिने पोर उधारीवर जगलेले असते. पगारदाराच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला पैसा येतो, म्हणून त्याला जून काय आणि जानेवारी काय, सारखेच. ही नियमावली ज्यांनी लिहिली त्यांच्या घरात एक तारीख असते. आपल्या घरात हंगाम असतो. मुलगा हुशार आहे की नाही याचा इथे प्रश्नच येत नाही. प्रवेशपरीक्षा देऊन, मुलाखत देऊन, देशभरातल्या मुलांतून निवड होऊन तो आलेला असतो. तो अडतो तो पंचांगावर.

शिष्यवृत्तीचे पंचांग तर तिसरेच. २०१७ साली राज्याने महाडीबीटी हे संगणकावरचे दार उघडले आणि पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. आता अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. दोन सरकारे, दोन हप्ते, दोन तारखा. पैसा थेट मुलाच्या खात्यात येणार, मग त्याने तो संस्थेत भरायचा. कागदावर हे चोख दिसते. दलाल गेला, असेही सांगतात. पण पैसा येईपर्यंतचे दिवस कुणी काढायचे? संस्था म्हणते, आम्ही थांबू शकत नाही. सरकार म्हणते, प्रक्रिया सुरू आहे. मग थांबायचे कुणी? नेहमी जो थांबतो त्याने. मार्केट यार्डात माप झाल्यावर पट्टीसाठी महिनाभर थांबतो, विम्याच्या पैशासाठी वर्षभर थांबतो, तोच शेतकरी इथेही थांबतो. फरक एवढाच, की इथे त्याचे पोर परक्या शहरात उपाशी थांबते.

दिवसाला सत्तावीस रुपये

संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. तिचे म्हणणे असे, की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत शिकवणीची आणि इतर सक्तीची फी सरकार भरून देते, पण खानावळ-वसतिगृहाचा खर्च संस्थेला वेगळा मिळत नाही. तो विद्यार्थ्याने त्याला मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यातून भागवायचा असतो. इतकी वर्षे आम्ही तो सोसला, आता तोटा कोट्यवधींत गेला आणि झेपत नाही.

ठीक आहे. मग तो निर्वाह भत्ता किती, ते बघू. २०१० साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जे दर ठरले त्यांत एम. ए. सारख्या पदव्युत्तर शिक्षणाला, वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी, महिन्याला ८२० रुपये होते. ओबीसी मुलाला २०११ च्या दराने ५१० रुपये. तीस दिवसांनी भागा. एकाला दिवसाचे सत्तावीस रुपये, दुसऱ्याला सतरा. यात दोन वेळचे जेवण, खोली, लोकलचा पास, वही, झेरॉक्स, साबण, सगळे. मुंबईत! वर्षातले दहाच महिने!

हे दर २०२० पर्यंत तसेच राहिले. आता दुसरीकडे बघा. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांचा महागाई भत्ता ४५ टक्के होता. जानेवारी २०१६ मध्ये तो १२५ टक्के झाला, आणि मग सातवा वेतन आयोग येऊन पगारच नवे झाले. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, न मागता महागाई मोजली जाते आणि भत्ता वाढतो. त्याबद्दल नोकरदारांशी आमचे भांडण नाही. महागाई वाढते तर पगार वाढलाच पाहिजे. पण मग सरकारच्या दप्तरी डाळ-तांदूळ कारकुनासाठी महाग होतो आणि त्याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या पोरासाठी दहा वर्षे तिथल्या तिथे राहतो, हा कुठला बाजारभाव?

कापसाचा हमीभावसुद्धा, ज्याला आपण कधी पुरा भाव म्हटले नाही, तोसुद्धा लांब धाग्याला २०१०-११ साली ३,००० रुपये होता तो २०२०-२१ साली ५,८२५ झाला. तेवढ्या काळात पोराचे ८२० ते ८२०. आमच्या कापसापेक्षाही ज्याला कमी भाव मिळाला असा एक माल या देशात निघाला. तो म्हणजे आमचे शिकणारे पोर.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही शिष्यवृत्ती नव्याने मंजूर केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये असा आकडा वर्तमानपत्रांत झळकला. आकडा मोठा आहे, नाही कोण म्हणते? पण एम. ए. करणाऱ्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला आले ते वर्षाचे ९,५०० रुपये. आधी दहा महिन्यांचे ८,२०० होत होते. दहा-अकरा वर्षांनी तेराशे रुपयांची वाढ. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ साली घातलेली, ती नव्या नियमांतही हलली नाही.

आणि मुंबईत जेवायला काय लागते हे सरकारला ठाऊक नाही असे समजू नका. पक्के ठाऊक आहे. आपल्याच राज्य सरकारने २०१६-१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना काढली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी मुंबईचा वर्षाचा खर्च त्यात धरला तो असा: जेवणाचे ३२,००० रुपये, राहण्याचे २०,००० आणि इतर ८,०००. एकूण ६०,०००. ही रक्कमही मुंबईत अपुरीच. पण बघा, सरकारचा एक हात म्हणतो की नुसत्या जेवणाला ३२,००० लागतात. दुसरा हात तेव्हा त्याच शहरातल्या तशाच पोराच्या हातावर वर्षाचे ८,२०० ठेवत होता आणि म्हणत होता, जेव, राहा, शीक. या दोन हातांच्या मध्ये पोर उभे आहे.

कापसात मोजलेली फी

संपाचे ते साल आठवा. २०१७ चा खरीप. गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी खाल्ली. यवतमाळात फवारणीच्या विषाने माणसे मेली. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात घोषणा झाली, की कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये. त्यात ६,८०० आपत्ती निधीचे, ८,००० विम्याचे आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून. त्यातले किती तुमच्या खात्यात पडले ते तुम्हीच आठवा, इथे लिहायची गरज नाही.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,३२० रुपये होता आणि संकरित ज्वारीचा १,७००. संस्थेने दहा हजार मागितले, तर ते भरायला दोन क्विंटल एकतीस किलो कापूस लागत होता. ज्वारी विकून भरायचे तर जवळजवळ सहा क्विंटल. सहा क्विंटल ज्वारीत घर वर्षभर खाते! कोरडवाहूत एकरी तीन क्विंटल कापूस धरला आणि पाच एकर धरले तर पंधरा क्विंटल, म्हणजे ६४,८०० रुपये. यात बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि वाहतूक अजून वजा व्हायची आहे. उरते काय ते तुमच्या वहीत आहे. हा हिशेबही चांगल्या सालाचा. बोंडअळीच्या साली पंधराचे पाच झाले. त्याच फेब्रुवारीत देवनारच्या फाटकावर पोरे बसली होती. ती आपल्या बापाची वही डोक्यात घेऊन बसली होती.

फुकट कोण खाते?

आता आपल्यातच एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. आपण सभांतून सांगतो की आम्हाला भीक नको, सूट नको, घामाचा भाव द्या. मग पोरांच्या खानावळीसाठी माफी कशी मागायची?

भाव मिळाला असता तर मागावी लागली नसती. शहरातल्या प्रत्येक स्वस्त ताटात आपला तोटा वाढलेला आहे. निर्यातबंदी घालून, बाहेरचा माल आणून, साठ्यावर मर्यादा घालून आपला भाव पाडला गेला, आणि त्यातून जे वाचले ते शहराने खाल्ले, कारखान्याने खाल्ले, विद्यापीठाच्या इमारतींनीही खाल्ले. कापसाला तर राज्याबाहेर विकायलाही वर्षानुवर्षे बंदी होती. घेणे आपले आहे. पोराच्या ताटातले दोन घास हा त्या घेण्यातला एक हप्ता आहे. ज्याचे घेणे आहे त्याने परतावा मागितला तर त्याला कोणी भिकारी म्हणत नाही.

दलित आणि आदिवासी मजुराच्या पोराचे घेणे तर आपल्याहून जुने आहे, आणि त्यातले काही आपल्याच गावाकडून आहे. तेव्हा शिष्यवृत्ती त्यांना का आणि आम्हाला का नाही, अशा भांडणात कुणी आपल्याला ओढायला आले तर त्याला ओट्यावर बसवून पाणी द्यावे आणि वाटेला लावावे. ज्या शेतकऱ्याचे पोर कुठल्याच यादीत बसत नाही त्याची वेगळी मागणी करू, मोठ्याने करू. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्त्याची योजना आहे. ती सर्व अभ्यासक्रमांना आणि सर्व संस्थांना लागू करा, असे म्हणू. दुसऱ्याच्या ताटातला घास काढून आपले ताट भरत नाही, हे कर्जमाफीच्या प्रत्येक फेरीत आपण शिकलो आहोत.

जुन्या माणसांना हे कळत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि शाळेइतकेच मोल त्यांनी वसतिगृहाला दिले. कुणब्याचे, महाराचे, मांगाचे पोर एका पंगतीला जेवेल तेव्हाच ते शिकेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले. फळा आणि खडू सगळीकडे मिळतो. गरिबाचे पोर शिकते की परत येते, हे ठरते ते रात्री कुठे झोपायचे आणि सकाळी काय खायचे यावर. शंभर वर्षांपूर्वी हातात काही नसलेल्या माणसाला जे कळले, ते कोट्यवधींचे अंदाजपत्रक असलेल्यांना कळत नसेल तर त्याला अज्ञान म्हणायचे की सोंग?

वर्गात बसलेले गाव

पोर तिथे कसे राहते याचीही थोडी कल्पना असू द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत शिकून आलेले पोर. तिथे शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत. विषय असतो शेतीवरचे संकट. विदर्भातल्या कर्जाचे तक्ते फळ्यावर येतात. ज्याने आयुष्यात नांगर पाहिला नाही तो घडाघडा बोलतो, आणि ज्याच्या घरी काल रात्री त्याच कर्जावरून भांडण झाले तो गप्प बसतो. त्याला विषय कळत नाही असे नाही. त्याला त्याच्या घराचे दुःख परक्या भाषेत मांडता येत नाही. चार-सहा महिन्यांत ती भाषा येते. पण त्या चार-सहा महिन्यांतच फीची स्मरणपत्रे येतात, आणि अभ्यासाला द्यायचे डोके हिशेबाला जाते.

समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना आठवड्यातले दोन दिवस वस्तीत काम करावे लागते. गोवंडीत वस्त्यांना तोटा नाही. शिवाजीनगर, बैंगणवाडी, आणि १९२७ पासूनचा तो कचऱ्याचा डोंगर. २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला, त्यात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. पूर्व उपनगरांतल्या अशा वस्त्यांत १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेली माणसे आहेत. म्हणजे पोर गोवंडीत जाऊन बघते ते काय? आपल्याच गावातून पन्नास वर्षांपूर्वी हाकललेले लोक. शेती तोट्यात ठेवली की माणूस कुठे जाऊन पडतो, याचा धडा त्याला पुस्तकाबाहेर मिळतो. असा धडा घेतलेले पोर उद्या आपल्या जिल्ह्यात अधिकारी म्हणून, प्राध्यापक म्हणून, कार्यकर्ता म्हणून आले पाहिजे. आपला पुढचा अहवाल परक्याने का लिहावा? आपल्या घरातल्या पोराने का लिहू नये? खानावळीच्या बिलापायी ते परत आले तर आपण केवळ एक पदवी घालवत नाही, आपला साक्षीदार घालवतो.

परीक्षेसाठी रात्री चालणारे लोक

मार्च २०१८ मधली ती रात्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. किसान सभेच्या झेंड्याखाली नाशिकहून ६ मार्चला निघालेले हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, मुलुंड-विक्रोळी-घाटकोपरवरून ११ तारखेला चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. पाय फुटलेले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मोर्चाने रस्ते अडले तर शहरातल्या पोरांचे पेपर चुकतील, म्हणून ती थकलेली माणसे रात्रीच उठली आणि अंधारात चालत आझाद मैदानावर गेली.

त्या मोर्चाचा झेंडा आपला नव्हता, पण ती चाल आपली होती. मुंबईच्या पोरांचा एक पेपर चुकू नये म्हणून शेतकऱ्याने आपली झोप दिली. आणि त्या मैदानापासून दोन-तीन कोसांवर, देवनारला, शेतकऱ्या-मजुरांची पोरे शिकायला मिळावे म्हणून बसली होती. त्यांच्यासाठी या शहराने काय दिले?

पैसा नव्हता, हे उत्तर आम्हाला पटत नाही. जून २०२४ मध्ये याच संस्थेने शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना पैशाअभावी घरी बसण्याच्या नोटिसा दिल्या. ओरड झाली, टाटांच्या शिक्षण न्यासाने निधीची हमी दिली, आणि दोन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. चांगले झाले, त्या माणसांच्या चुली वाचल्या. पण यावरून एवढे सिद्ध झाले, की मनात आणले तर दोन दिवसांत वाट निघते. पोरांच्या ताटाची गोष्ट निघाली की वर्षे लागतात, कारण त्या पोरांच्या मागे ओरडणारे कुणी नसते. त्यांचे बाप वखरावर असतात.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या कोणत्याही मुलाकडून, टिसमध्ये आणि राज्यातल्या कोणत्याही अनुदानित संस्थेत, प्रवेशाच्या वेळी शिकवणी, वसतिगृह वा खानावळीचा पैसा मागू नये. संस्था आणि सरकार यांनी आपसात हिशेब करावा. पोराला मध्ये ओलीस धरू नये.

२. निर्वाह भत्ता महागाई भत्त्याला बांधावा. जानेवारीत आणि जुलैत कर्मचाऱ्यांचा जेवढ्या टक्क्यांनी वाढेल तेवढ्याच टक्क्यांनी विद्यार्थ्यांचाही वाढावा. त्याची सुरुवात ९,५०० रुपयांपासून न होता जेवण आणि खोलीच्या खऱ्या खर्चापासून व्हावी.

३. जे शेतकरी कुटुंब कुठल्याच शिष्यवृत्तीत बसत नाही, त्याच्या मुलांना फी भरण्याची मुदत हंगामाप्रमाणे द्यावी. पहिला हप्ता डिसेंबरात, दुसरा मार्चात. उशिराचा दंड नाही.

४. शिष्यवृत्ती मिळायला उशीर झाला तर उसाच्या थकीत बिलावर आणि करदात्याच्या परताव्यावर जसे व्याज धरतात तसे त्यावरही व्याज द्यावे.

५. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातून मुंबई, पुणे, नागपूर, तुळजापूर अशा ठिकाणी शिकायला गेलेल्या मुलांची वही करावी. कोण कुठे आहे, फी किती मागितली, शिष्यवृत्ती कधी मिळाली, कोण शिक्षण सोडून परत आले आणि का. कापसाच्या पट्ट्या जपतो तशा फीच्या पावत्या जपाव्यात. पुढच्या बैठकीत ही वही मांडावी.

पाचवा ठराव मंजूर करायला मंत्री लागत नाही, दिल्ली लागत नाही. वही आणि पेन्सिल लागते. मरणाचा हिशेब दुसऱ्यांनी केला तेव्हा आपण रांगेत उभे राहून उत्तरे दिली. हा हिशेब आपण स्वतः करायचा आहे, आणि तो पुढच्या मृगाच्या आत झाला पाहिजे, कारण त्याच महिन्यात नवी नोटीस निघणार आहे.